सांगलीची किडनी, इंग्लंडचे कागद

गेल्या महिन्यात कराडहून एका बाईंचा फोन आला. त्यांची मुलगी परदेशात, तिची किडनी गेलीये, आणि आईला द्यायची आहे. "तुम्ही बाहेर जाऊन दिलीत ना? काय काय लागतं हो?" पाऊण तास बोललो. अशी विचारणा तिसऱ्यांदा झाली, म्हणून म्हटलं एकदाचं लिहूनच काढावं. माझा अनुभव इंग्लंडचा आणि २०२४ चा आहे. फी आणि नियम बदलत असतात, तेवढं आपापलं बघून घ्या.

आधी माझ्याबद्दल. मी सांगलीत एका पतसंस्थेत क्लार्क आहे. वीस वर्षं लोकांकडून केवायसी मागतेय. "आधारवर नाव वेगळं, पॅनवर वेगळं, असं चालत नाही काका," हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा म्हटलं असेल त्याला हिशोब नाही. ते सगळं सव्याज परत आलं.

जानेवारी २०२४ मध्ये धाकट्या भावाचा फोन आला. तो बर्मिंगहॅमला असतो, एकोणीस वर्षं झाली, पासपोर्टही तिकडचाच. बीपीचा त्रास जुना होता, पण किडनी ११ टक्क्यांवर आलीये हे त्याने घरात सांगितलं नव्हतं. डायलिसिस सुरू झालं तेव्हा सांगितलं. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चार तास. तिकडे मृत दात्याच्या किडनीसाठी सरासरी दोन-तीन वर्षं थांबावं लागतं, आणि आपल्याकडच्या लोकांना बरेचदा त्याहून जास्त, कारण जुळणारे दातेच कमी.

आमच्या घरात पहिला विचार आला तो, "त्यालाच इकडे बोलवू, पुण्यात करू." पुण्यातल्या एका हॉस्पिटलच्या ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरना जाऊन भेटले. त्यांनी शांतपणे समजावलं. दोघंही भारतीय असतो तर सख्ख्या भावा-बहिणीचं काम सोपं होतं. पण भाऊ परदेशी नागरिक आणि मी भारतीय, म्हणजे १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यातल्या २०११ च्या दुरुस्तीप्रमाणे ऑथोरायझेशन कमिटीची आगाऊ मंजुरी लागते. नात्याचा दाखला त्याच्या देशाच्या दूतावासातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याने नमुना २१ मध्ये द्यायचा. आणि २०१४ च्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की भारतीय दाता आणि परदेशी रुग्ण अशी प्रकरणं जास्त सावधपणे तपासायची आणि क्वचितच विचारात घ्यायची. नातं जवळचं नसेल तर विषयच संपला. "मिळणारच नाही असं नाही, पण मी तुम्हाला तारीख देऊ शकत नाही," त्या म्हणाल्या. मला त्यांचा राग आला नाही. कोल्हापूरच्या एका बाईला रुग्णाची बायको म्हणून उभं करून पुण्यात किडनी काढली होती, पंधरा लाखांचं आमिष दाखवून, ते प्रकरण २०२२ चंच. त्यानंतर कोण डोळे मिटून सही करेल?

परतताना ओळखीतल्या एका गृहस्थांनी गाडीत हळूच सुचवलं, "तुम्ही कशाला जिवावर उदार होताय? माणूस मिळतो. बाहेरच्या देशात जाऊन करून येतात लोक." भावाला सांगितलं तर तो फोनवर ओरडलाच. १ जुलै २०२२ पासून तिकडे कायदा असा आहे की ब्रिटनच्या रहिवाशाने जगात कुठेही जाऊन अवयव विकत घेतला तरी घरी परतल्यावर गुन्हा. त्या गृहस्थांना मी परत फोन केला नाही.

मग ठरलं, मीच तिकडे जायचं. ठरलं म्हणजे कसं, तेही सांगते, कारण पुढे त्याचाच प्रश्न झाला. आई देवापाशी बसून रडत होती आणि रडता रडता म्हणाली, "तुझी मुलं मोठी झाली गं. त्याची अजून लहान आहेत." एवढंच. कुणी मला "दे" म्हटलं नाही. आमचे मिस्टर रात्री उशिरा म्हणाले, "तुला वाटत असेल तर दे, पण मला विचारू नकोस, मी नाही म्हणेन." रक्तगट दोघांचाही ओ पॉझिटिव्ह, आणि त्याच्या घरातून दुसरं कुणी जुळत नव्हतं.

मार्चमध्ये भावाने त्याच्या हॉस्पिटलच्या लिव्हिंग डोनर कोऑर्डिनेटरचा ईमेल दिला. ही एक नर्स असते आणि तिचं काम फक्त दात्यांचं, रुग्णाची टीम वेगळी. हे मला फार आवडलं. तिच्या उत्तरातलं पहिलंच वाक्य होतं, "यापुढे तुमच्या तपासण्यांबद्दल मी तुमच्या भावाशी बोलणार नाही." सोबत आठ पानी प्रश्नावली. त्यात एक प्रश्न असा की परत गेल्यावर तुमची दरवर्षीची तपासणी कोण करणार, त्या डॉक्टरचं पत्र जोडा. किडनी द्यायच्या आधी, नंतरची सोय विचारत होते. मिरजेच्या आमच्या फिजिशियननी पत्र दिलं.

प्राथमिक तपासण्या इथेच करायला सांगितल्या. रक्त-लघवी, साखरेची जीटीटी, किडनीचा डीटीपीए स्कॅन, सीटी अँजिओ, एचएलए (दाता-रुग्ण किती जुळतात ते बघणारी रक्ततपासणी). मिरज जवळ असल्याचा फायदा. सगळ्याचे मिळून साधारण २८ हजार गेले. जीटीटी काठावर आली. वजन ७४ होतं, पाच किलो कमी करा असं त्या नर्सने कळवलं. एप्रिल-मे मध्ये मी आमराईत रोज तासभर चालले, आणि त्या वर्षी आंबा फक्त बघितला. जूनमध्ये दुसरी जीटीटी व्यवस्थित. एचएलए सहापैकी तीन जुळले, भावंडांत बरेचदा असं असतं म्हणे. एक गंमत सांगते. स्कॅनच्या काउंटरवर प्रत्येक ठिकाणी मला विचारलं, "मिस्टर आलेत का? त्यांची सही लागेल." इंग्लंडच्या आठ पानांत नवऱ्याच्या सहीला जागाच नव्हती.

आता कागद. इथे माझे सहा आठवडे गेले, तेव्हा जरा सविस्तर.

सख्खी भावंडं आहोत हे दाखवायला दोघांचे जन्मदाखले हवेत. भाऊ सांगलीत जन्मला, त्याचा दाखला स्वच्छ. मी जन्मले आजोळी, तासगाव तालुक्यातल्या एका खेड्यात, १९७७ साली. ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत माझ्या जन्माची ओळ सापडली. ग्रामसेवकांनी बोट ठेवून दाखवली. शाई तपकिरी झालेली, तारीख बरोबर, वडिलांचं नाव बरोबर, आणि बाळाच्या नावाच्या रकान्यात आडवी रेघ. लिंग: स्त्री. बस. नाव नंतर घालायचं राहून गेलं, किंवा आजोबांना गरज वाटली नाही. शाळा सोडल्याचा दाखला जोडून नाव समाविष्ट करायचा अर्ज दिला, तीन खेपा झाल्या. दाखला हातात आला आणि दुसरंच निघालं. आईचं नाव त्यावर माहेरचं होतं. जन्म कळवायला आजोबा गेले होते, त्यांनी त्यांच्या लेकीचं जे नाव ते सांगितलं. भावाच्या दाखल्यावर आईचं लग्नानंतर बदललेलं नाव. म्हणजे कागदावर आमच्या आया दोन! वर माझं स्वतःचं नाव माहेरचं एक, पासपोर्टवर सासरचं.

शेवटी काय केलं, तर आईने शंभरच्या स्टॅम्पवर नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र केलं की या दोन्ही नावांची बाई मीच. माझं लग्न १९९९ चं, नोंदणी केलेलीच नव्हती, ती आता केली. सगळ्याचं इंग्रजी भाषांतर, पानाला चारशे. आणि लग्नात मुलीचं पहिलं नावसुद्धा बदलायची आपल्याकडे रीत आहे, हे कोऑर्डिनेटरला एका ईमेलमध्ये समजावलं. तिचं उत्तर आलं, "धन्यवाद. हे मला माहीत नव्हतं. याचा प्रिंट मी फाइलला लावते." तुमच्या घरात असा प्रकार असेल (असणारच) तर तपासण्यांची वाट न बघता कागद पहिल्या दिवशी काढायला घ्या.

माझी चूक इथे झाली. अवयव द्यायला जाणाऱ्याला तिकडे साधा व्हिजिटर व्हिसाच मिळतो, पण त्यासोबत हॉस्पिटलचं पत्र लागतं: दाता जुळतोय किंवा पुढच्या तपासण्या चालू आहेत, आणि त्या कुठे, कधी होणार. हे पत्र तुम्ही तिकडे उतरता त्या तारखेआधी तीन महिन्यांच्या आतलं असावं लागतं. मी उत्साहाने एप्रिलमध्येच पत्र मागवून ठेवलं होतं. कागद होईपर्यंत जुलै उजाडला आणि पत्र शिळं. नवीन पत्र यायला बारा दिवस. पत्र सगळ्यात शेवटी मागवा.

व्हिसाची फी ११५ पाउंड, तेव्हाचे बारा-तेरा हजार. बोटांचे ठसे पुण्यात दिले. सोबत पत्र, रिपोर्ट, भावाच्या पासपोर्टची प्रत, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, घराचा उतारा, पतसंस्थेचं बिनपगारी रजेचं पत्र. एकोणीस दिवसांत व्हिसा आला. गौरी विसर्जन करून १४ सप्टेंबरला निघाले. तिकीट ६८ हजार, भावाने काढलं. पावती ठेव, असं त्याने तीनदा सांगितलं. का ते पुढे येईलच.

तिकडे गेल्यावर तपासण्या पुन्हा पहिल्यापासून. आपल्या रिपोर्टवर विश्वास नाही असं नव्हे, पद्धतच तशी आहे. शिवाय आपल्या भागातून आलेल्यांची क्षयरोगाची आणि पोटातल्या एका जंताची वेगळी तपासणी होते. सर्जननी बसवून आकडे सांगितले: या ऑपरेशनमध्ये दात्याचा मृत्यू होण्याची शक्यता तीन हजारांत एक. पुढे आयुष्यात स्वतःची किडनी निकामी होण्याची, दोनशेत एकाहून कमी. मी ते पाकिटामागे लिहून घेतलं. त्या रात्री झोप लागली नाही. पहिल्यांदाच भीती वाटली आणि ती कुणाला सांगावी कळेना. घरात भाऊ होता, भावजय होती, दोघंही माझ्यासाठी ताजे फुलके करत होते. त्यांना कसं सांगणार?

आणि मग १ ऑक्टोबरची मुलाखत.

इंग्लंडमध्ये जिवंत दात्याचा अवयव द्यायचा तर ह्युमन टिश्यू अथॉरिटी नावाच्या सरकारी संस्थेची मंजुरी लागते, सख्खं नातं असलं तरी. त्यांच्या वतीने एक इंडिपेंडंट असेसर दात्याला एकटं, रुग्णाला एकटं आणि मग दोघांना एकत्र भेटतो. हा माणूस प्रत्यारोपणाच्या टीमचा नसतो. दुभाषा लागला तर तो घरचा चालत नाही. भाऊ म्हणाला मी सांगतो ना, तर ठाम नकार. आधी त्यांनी हिंदी दुभाषा ठरवला होता. मी ईमेल करून मराठीच मागितला. हिंदी येतं मला, पण पोटातलं बोलायला नाही येत. स्क्रीनवर ज्या बाई आल्या त्या मूळ नागपूरच्या. मधूनच "भाऊ तुमच्या मागे लागून राहिले का?" असं विचारायच्या. ते ऐकून माझा अर्धा ताण गेला.

एवढी चौकशी का, हे मला भावाने आधी सांगितलं होतं. नायजेरियाचे सिनेटर आयके एक्वेरेमाडू यांनी आपल्या मुलीसाठी लागोसहून एका तरुणाला तिचा चुलतभाऊ म्हणून लंडनला आणलं होतं. डॉक्टरांना संशय आला, ऑपरेशन झालं नाही, आणि तो मुलगा पुढे स्वतःच पोलिसांकडे गेला. मे २०२३ मध्ये सिनेटरना ९ वर्षं ८ महिन्यांची शिक्षा झाली, पत्नीला आणि मध्यस्थ डॉक्टरलाही तुरुंग. त्यानंतर जवळजवळ दीड वर्षाने मी, परदेशातून आलेली, वेगळ्या आडनावाची, आईचं नाव न जुळणारी बाई, समोर बसले होते. असेसरच्या जागी मी असते तर मीही चष्मा लावला असता.

ओळख, फोटो, लहानपणीच्या गोष्टी झाल्या. मग त्यांनी विचारलं, दुभाष्या बाईंच्या शब्दांत, "किडनीच्या बदल्यात तुम्हाला काही बक्षीस मिळणार आहे का?"

इथे माझ्या पोटात गोळा आला. २०१९ मध्ये मिस्टरांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा भावाने तीन लाख पाठवले होते. लाखभर मी फेडले, दोन लाख राहिलेत. आदल्या रात्री भाऊ म्हणाला होता, "ताई, ते काढूच नकोस. उगाच फाटे फुटतील." मी काही बोलले नव्हते. पण वीस वर्षं कर्जाच्या फाइली बघितल्यात. कर्जदार एक सांगतो, जामीनदार दुसरं, तिथेच फाइल अडते. आणि त्याहून खरं कारण म्हणजे मला खोटं बोलून किडनी द्यायची नव्हती. सांगून टाकलं. तारखेसकट.

असेसरनी लिहून घेतलं. थोडं थांबून विचारलं, "आज तुम्ही नाही म्हणालात, तर तो ते दोन लाख परत मागेल का?"

असा विचार मी कधी केलाच नव्हता. हसू आलं आणि त्याबरोबर रडूही. म्हटलं, नाही मागणार. आणि मी दिली तरी मी ते फेडणारच आहे. मग भाऊबीज आली. दरवर्षी तो ओवाळणीचे पैसे पाठवतो, तेही बक्षीस धरायचं का, असं मीच विचारलं. भाऊबीज म्हणजे काय ते दुभाष्या बाईंनी इतकं रंगवून सांगितलं की असेसरनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, नेहमीइतकी असेल तर चिंता नको.

शेवटी घरातल्या दबावाचा प्रश्न. आईचं ते वाक्य मी जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, "तुम्हाला थांबायचं असेल तर ऑपरेशनच्या दारापर्यंत कधीही थांबता येईल. घरच्यांना एवढंच कळेल की तुम्ही दाता म्हणून योग्य ठरला नाहीत. कारण कुणालाही सांगितलं जाणार नाही." नऊ महिन्यांत मला हे पहिल्यांदाच कुणी सांगत होतं. मी दोन मिनिटं गप्प बसले, खरंच विचार केला. मग म्हटलं, द्यायचीये.

बाहेर आल्यावर भावाने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. त्याची मुलाखत माझ्यानंतर होती. एकत्र बसवलं तेव्हा कळलं, त्यानेही तीन लाख सांगून टाकले होते.

त्या पैशांचा पुरावा मात्र लागला. २०१९ चं स्टेटमेंट मुलाने सांगलीच्या बँकेत जाऊन काढलं आणि व्हॉट्सअॅपवर पाठवलं. यात आठवडा गेला. किडनीसाठी पैसे घेणं-देणं तिकडे २००४ च्या कायद्याने गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद, तसं लेखी जाहीरपत्र दोघांकडून घेतात. पण दात्याचा झालेला खर्च भरून देणं हा मोबदला धरत नाहीत. प्रवास, बुडालेला पगार यांचा एनएचएसकडे (तिकडची सरकारी आरोग्यसेवा) दावा करता येतो, फक्त ऑपरेशनच्या आधी अर्ज करून मंजुरी घ्यायची आणि पावत्या, पगारपत्रकं तयार ठेवायची. त्यासाठी ती तिकिटाची पावती. १४ ऑक्टोबरला, दसऱ्यानंतरच्या सोमवारी, मंजुरीचा ईमेल आला.

२२ ऑक्टोबरला ऑपरेशन. दुर्बिणीतून डावी किडनी काढली. शुद्धीवर आल्यावर पोटापेक्षा खांदा दुखत होता. पोटात गॅस भरतात, तो खांद्यात कळ काढतो म्हणे. हे कुणीतरी आधी सांगा लोकांना, मी हार्ट अटॅक समजले! नर्सने येऊन सांगितलं, "तुमच्या भावाला लघवी व्हायला लागली." त्या वाक्यावर मी आणि भावजय दोघी मिळून रडलो. चौथ्या दिवशी घरी.

३ नोव्हेंबरला भाऊबीज. वाकता येत नव्हतं म्हणून तो पाटाऐवजी खुर्चीत बसला, मी समोरच्या खुर्चीत, त्याच्या तोंडाला मास्क. ताटात त्याने वीस पाउंडांची नोट टाकली आणि म्हणाला, "जाहीरपत्रात दाखवायची का?" टाके दुखतात, हसवू नकोस म्हटलं.

सहा आठवड्यांनी तपासून विमानाची परवानगी मिळाली, ८ डिसेंबरला सांगलीत परत. फेब्रुवारीपर्यंत वजन उचलायचं नव्हतं. तिकिटाचे आणि पगाराचे पैसे मार्चमध्ये आले, सगळे नाही, पण बरेच. मेडिक्लेमवाल्यांना एका किडनीचं कळवलंय. दुखण्याची गोळी मनाने घेत नाही, केमिस्टला आधी सांगते.

वर्षाची तपासणी मिरजेला झाली. क्रिएटिनिन १.१, बीपी ठीक. रिपोर्ट बर्मिंगहॅमच्या त्या नर्सला ईमेल केला, तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. भावाच्या दोन लाखांतले चाळीस हजार फेडून झालेत, दर महिन्याच्या पाच तारखेला जातात. कराडच्या बाईंना मी आधी मुलीचा जन्मदाखला काढून बघायला सांगितलंय. त्यावर नाव आहे का, आणि आईचं कुठलं आहे.